वेळ विचारून पाहावं असं शहर

देवबागला येणाऱ्या बहुतेक पर्यटकांना आधी त्सुनामी आयलंड पाहायचं असतं. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या तोंडाजवळचा हा वाळूचा उंचवटा. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात, नावही त्यावरूनच पडलं. ओहोटीला तिथे वाळूवर उभं राहता येतं. भरतीला त्याच जागी कमरेपर्यंत पाणी. भर भरतीत होडीतून उतरलेला माणूस चहूकडे पाहतो आणि विचारतो, ‘बेट कुठे आहे?’ होडीवाला उत्तर देतो ते वेळेचं: आणखी तीन तासांनी या.

आमच्या गावातलं बरंचसं असंच आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली, मधे माडांची अरुंद पट्टी आणि तिच्यावर आमची घरं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी म्हणजे भांग, यावर होडी कधी लोटायची, किनाऱ्यावरून ओढायची रापण कधी टाकायची, खाडीत तिसऱ्या काढायला कधी उतरायचं हे ठरतं. ज्याला आज तिथी कोणती हे ठाऊक नाही त्याला देवबागचा किनारा दिसतो, पण त्यावर चाललेलं काम दिसत नाही. मोठं शहर पाहायला निघालेल्या प्रवाशाला हाच धडा उपयोगी पडेल असं मला वाटतं, आणि तो मुंबईच्या संदर्भात मांडून पाहायचा आहे. कारण आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराचं एक टोक मुंबईत आहे.

मुंबईत काय खावं, कुठे हिंडावं याच्या याद्यांना आज तोटा नाही. दादरचा वडापाव, बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियातला बेरी पुलाव, माटुंग्याचा डोसा, मोहम्मद अली रोडचे कबाब, मग मरीन ड्राइव्ह. या याद्यांत पत्ते असतात. वेळा असल्या तर दुकान उघडण्याच्या आणि मिटण्याच्या. शहरातलं खाणं, तिथल्या वस्त्या आणि तिथलं रोजचं जगणं यांना जोडणारी गोष्ट मात्र पत्त्यात सापडत नाही. कोण कधी जेवतो, कुणाच्या जेवणासाठी कोण किती वाजता उठतं, कुठल्या वारी कुठल्या गल्लीत काय शिजतं आणि काय शिजत नाही, हे कळलं की शहर कळायला लागतं. ते न कळता वीस ठिकाणी जेवून आलेल्या माणसाकडे चवी जमा होतात, पण ज्या माणसांनी त्या चवी घडवल्या त्यांच्याबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही.

हे मला यजमानाच्या बाजूने उमगलं. गेल्या काही वर्षांत देवबाग-तारकर्लीत घरोघरी निवास-न्याहारीच्या खोल्या झाल्या, आमच्याही घरी झाल्या. पाहुणा हातपाय धुऊन बसतो आणि विचारतो, ‘इथलं फेमस काय?’ मग सुरमईची थाळी मागवतो. सुरमई चांगलीच असते, आम्हीही मनापासून करतो. पण ती आमच्या रोजच्या पानातली नव्हे. तिला भाव असतो, म्हणून ती लिलावात जाते, तिथून बर्फात बसून गोव्याला, मुंबईला. घरच्या चुलीवर चढतात पेडवे, तारले, आणि बांगडा उतरला की तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं. सकाळी कामं आटोपून दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, समुद्रही कुणाला आत घेत नाही. तेव्हा कुळथाची पिठी, भात, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, पहिल्या पावसानंतर उगवलेला टाकळा, राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. हे सगळं गरिबीचं जेवण म्हणून मी सांगत नाही. वर्षाचा अर्धा अधिक भाग आम्ही याच्यावर उभे असतो, आणि आमच्या बायकांचं कसब याच जेवणात पणाला लागलेलं असतं. घरात मासळी नसताना आठ माणसांच्या पानाला चव आणणं हे सुरमई तळण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

क्वचित एखादा पाहुणा वेगळं विचारतो. ‘आज तुम्ही काय केलंय?’ त्या प्रश्नाने स्वयंपाकघराचं दार उघडतं. आज रापणीला काय लागलं, का लागलं नाही, वारा कुठला आहे, मुंबईहून कोण यायचंय, सगळं बोलणं त्या एका ‘आज’मधून निघतं. ‘इथलं फेमस काय’ या प्रश्नाचं उत्तर वर्षभर एकच असतं. दुसऱ्याचं रोज बदलतं. मुंबईत शिरताना हा दुसरा प्रश्न बरोबर न्यावा.

मालवणी माणसाला मुंबई कळली ती गिरणीच्या पाळ्यांमधून. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली, दोन वर्षांनी ती ताडदेवला चालू झाली. पुढच्या शंभर वर्षांत गिरणगावाला माणसं पुरवण्यात तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आघाडीवर होता, आणि मालवण त्याच जिल्ह्यात. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. आमच्याकडचा तरुण मालवणच्या धक्क्यावरून पडावात बसायचा, दूर खोल पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीवर चढायचा आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचा. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे मुंबईला जाणं-येणंसुद्धा समुद्राच्या वेळापत्रकाने चालायचं. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ च्या २६ जानेवारीला; तोपर्यंत कित्येक पिढ्या बोटीने आणि मग एसटीने गेल्या होत्या.

मुंबईत तो उतरायचा गावाच्या खोलीवर. गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली, तिच्यात दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त पुरुष. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, इतर चाळींतल्याही फार मोठ्या नसत. एवढी माणसं एवढ्या जागेत मावत ती पाळ्यांमुळे. रातपाळीचा माणूस सकाळी परते तेव्हा पहिल्या पाळीचा उठून गेलेला असे. त्याचीच वळकटी याच्या अंगाखाली. जागेची टंचाई माणसांनी वेळ वाटून घेऊन भागवली. मुंबईबद्दलचं यापेक्षा महत्त्वाचं सत्य मला तरी माहीत नाही. शहर आजही याच युक्तीवर चालतं. सकाळी जिथे भाजीवाली बसते तिथे दुपारी कपड्यांची गाडी आणि रात्री भुर्जीपावाचा तवा. एकाच चार फुटांवर दिवसात तीन संसार चालतात. प्रवासी त्यातला एकच बघून जातो आणि ‘ही भाजीची गल्ली’ अशी नोंद करतो.

गोव्यातल्या ख्रिस्ती माणसांची हीच सोय धोबी तलावाच्या परिसरात ‘कूड’ म्हणून होती. गावागावाचा वेगळा कूड. बोटीवर नोकरी करणारे खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राहत, संध्याकाळी एकत्र प्रार्थना करत. मालवणी खोली आणि गोव्याचा कूड यांच्या पद्धती वेगळ्या, पण दोन्हींकडे माणूस गावातून निघून गावातच उतरला, फक्त मधे समुद्र पार झाला.

आता या माणसांच्या जेवणाकडे यावं. बायको गावी, खोलीत दहा पुरुष, चुलीपाशी बसायला वेळ नाही. शेजारच्या खोलीतली एखादी बाई, बहुधा स्वतःही गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा, या पुरुषांना महिन्याच्या पैशावर जेवू घालायची. तीच खाणावळ. पाटी नाही, टेबल नाही. भिंतीला पाठ लावून बसायचं. पहिल्या पाळीवाल्याचा डबा भोंग्याच्या आधी तयार हवा, दुसऱ्या पाळीवाला निघायच्या आधी जेवणार, रातपाळीवाला सकाळी येऊन जेवून झोपणार. तीन पाळ्यांचे पुरुष आठ-आठ तास राबत. त्यांना वाढणारी बाई तिन्ही पाळ्यांना जागी. पगार महिनाअखेरीला म्हणून जेवण उधारीवर, किराणा सावकाराच्या पैशावर, आणि संप झाला की सगळाच हिशोब तिच्या गळ्यात. संपाच्या दिवसांत याच बायकांनी दागिने गहाण टाकून कामगारांना जेवू घातलं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून देण्यासाठी. पुरव मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्या. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवरच्या रंगीत लेखांमध्ये त्यांचं नाव मला फारसं दिसत नाही. ते पहिल्या ओळीत असायला हवं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. भोंगे थांबले तेव्हा पाळ्या संपल्या, आणि पाळ्या संपल्या तेव्हा खाणावळी. आज प्रवासी लोअर परळला जातो तेव्हा तो फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये किंवा कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहात जेवतो. जेवण उत्तम असेल. पण या जागेवर दिवसातून तीनदा हजारो माणसं आत-बाहेर होत होती आणि त्या तालावर आसपासच्या चाळींमधली चूल पेटत होती, हे त्याला कुणी सांगत नाही. जुन्या चिमण्या आणि दगडी भिंती शोभेसाठी राखल्या जातात. वेळापत्रक मात्र कुणी राखलेलं नाही, आणि गिरणगाव खरं तर त्या वेळापत्रकाचंच नाव होतं.

याच दृष्टीने मुंबईतल्या इतर नावाजलेल्या खाण्याकडे पाहिलं तर ते वेगळंच दिसतं. माटुंग्याचं रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. दक्षिणेकडून कारकुनीसाठी आलेल्या एकट्या तरुणांना घरच्यासारखा भात-सांबार मिळावा म्हणून अशी बोर्डिंगं निघाली. धोबी तलावचं कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं. इराण्याचा चहा आणि ब्रून मस्का कामावर जाणाऱ्याला पहाटे मिळायचा आणि एका कपावर पेपर वाचत बसता यायचं, कारण खोलीवर बसायला जागा नव्हती. डब्यांची ने-आण महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केली. मावळ, खेड, जुन्नर भागातली माणसं आजही ती चालवतात. वडापाव दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये सुरू केला असं सांगितलं जातं. तो उभ्याउभ्या, गाडी यायच्या आत, एका हाताने संपवता येतो. आमच्या देवबागात कुणी उभ्याने जेवलं तर म्हातारी माणसं रागावतात. मुंबईने उभ्याने जेवणं सन्मानाचं केलं. या सगळ्या पदार्थांच्या पोटात घर सोडून आलेल्या माणसाचा वेळ भरलेला आहे: कुणाकडे तो नव्हता, कुणाकडे फार होता आणि काढायला जागा नव्हती.

वारांचं आणि तिथींचं गणित तर याहून सूक्ष्म आहे. मुंबईतल्या मराठी वस्त्यांमध्ये मासळीबाजार बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी वाजतो. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी कित्येक घरं पाळतात. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग. श्रावण लागायच्या आधीचे चार दिवस बाजारात उभं राहायला जागा नाही. मग महिनाभर कोळीण कंटाळलेली. तेच शहर, पण मोहम्मद अली रोडला कॅलेंडर चांद पाहून चालतं. रमजानात दिवसभर शांत असलेला रस्ता इफ्तारला उघडतो आणि सहेरीपर्यंत मिटत नाही. वाळकेश्वर किंवा घाटकोपरच्या जैन घरांत चातुर्मासात हिरव्या भाज्यांचीसुद्धा वजाबाकी होते. वांद्र्याच्या, वसईच्या ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात बाटलीतला मसाला कुटून भरला जातो आणि डिसेंबरात त्याचा कस लागतो. एका बसमध्ये शेजारी बसलेल्या चार माणसांचा आजचा दिवस चार वेगवेगळ्या पंचांगांतला असतो. कोणत्या वस्तीत काय मिळतं हे यादी सांगते. त्या वस्तीचं आज कोणतं पंचांग चालू आहे, हे जाऊन, थांबून, विचारूनच कळतं. आणि वस्ती म्हणून जे काही असतं ते त्या सामाईक पंचांगातच असतं. इमारती बदलल्या तरी ते टिकतं, आणि ते सुटलं तर इमारती राहूनही वस्ती जाते.

लालबागचा मसाला हे याचं उत्तम उदाहरण. मार्च ते मे या दिवसांत भारतमाता सिनेमाच्या आसपासच्या मसाल्याच्या गल्ल्यांमध्ये जावं. सगळ्या मुंबईतून, आता तर कल्याण-डोंबिवली-विरारहून बायका येतात. बेडगी किती, संकेश्वरी किती, पांडी घालायची की नाही, धणे, बडीशेप, दगडफूल, नाकेश्वर, सगळं घरचं प्रमाण तोंडपाठ. मिरची भाजायला देतात, डंखावर कुटून घेतात, मसाला डोळ्यांदेखत कुटला जाईपर्यंत खुर्ची सोडत नाहीत. वर्षभराचा मालवणी मसाला एका दुपारी तयार होतो. लहानपणी मी मामीबरोबर तिथे जायचे. शिंकून शिंकून डोळे लाल व्हायचे आणि मामी कुणातरी अनोळखी बाईशी तिरफळ घालावं की नाही यावर तासभर हुज्जत घालायची. त्या तासाभरात कुठल्या तालुक्यातला मसाला कसा, कुणाच्या सासरी काय चालतं, कोणाचा मुलगा दुबईला गेला आणि त्याच्यासाठी अर्धा किलो वेगळा का, सगळं कानावर पडायचं. प्रवाशाने मालवणी जेवण मुंबईत कुठे मिळतं हे जरूर शोधावं. पण एप्रिलमधली ही एक दुपार त्याला दहा थाळ्यांपेक्षा जास्त सांगेल. ऑगस्टमध्ये गेला तर त्याला तिथे नुसती दुकानं दिसतील.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रवाशाकडे दोन-तीन दिवस असतात, खिशात मोजके पैसे. सण, वार, हंगाम पाहून त्याने कसं निघावं? शिवाय नावाजलेला पदार्थ नावाजलेला असतो तो बहुधा चांगला असल्यामुळेच, आणि आनंदाने खाणं हा काही कमी प्रतीचा हेतू नाही. मला हे मान्य आहे. सुरमईची थाळी मागणाऱ्या पाहुण्यावर मी कधी मनात नाराज झाले नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून बरंच वाटतं. माझा वाद घाईशी आहे. तीन दिवसांत बारा वस्त्या पाहण्याऐवजी एकच वस्ती पहाटे, दुपारी आणि रात्री पाहावी. एकाच हॉटेलात सकाळी आणि संध्याकाळी बसावं. सकाळी तिथे हमाल आणि पेपरवाले असतील, अकराला निवृत्त गृहस्थ, चारला शाळेतून आलेली मुलं आणि त्यांच्या आया, रात्री दुकानं बंद करून आलेले नोकर. वाढणारा तोच, पदार्थ जवळपास तेच, पण प्रत्येक वेळी दुसरं शहर समोर बसलेलं. याला जास्त पैसे लागत नाहीत, जास्त दिवसही लागत नाहीत. एकच गोष्ट सोडावी लागते: आपण सगळं पाहिलं असं सांगण्याची हौस.

आपल्या भाषेत अशा पाहण्याची जुनी परंपरा आहे. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये छापून आलं. गिरण्यांचा पसारा तेव्हा वाढायचा होता. इमारतींबरोबरच बाजार, धंदे, निरनिराळ्या जमाती, त्यांचे सण आणि रीती यांत त्या माणसाला रस होता. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही ते पुस्तक उपयोगी पडतं ते याच कारणाने. नुसत्या स्थळांचं वर्णन असतं तर ती स्थळं गेल्यावर तेही गेलं असतं.

दुसरा आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेत असते, आणि तो जास्त गंभीर आहे. रोजचं जगणं पाहायचं म्हणजे कुणाच्या तरी रोजच्या जगण्यात डोकावायचं. तो हक्क कोणी दिला? ससून डॉकचंच पाहा. १८७५ चा हा धक्का. पहाटे अंधार असताना बोटी लागतात, टोपल्या डोक्यावर घेऊन बायका धावतात, बर्फाच्या गाड्या ढकलल्या जातात, कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या बोटांना विश्रांती नसते. शहराच्या ताटातल्या मासळीचा दिवस इथे सुरू होतो, म्हणून प्रवाशाने हे पाहावं असं मला वाटतं. पण वाटेत कॅमेरा धरून उभ्या राहिलेल्या माणसामुळे टोपलीवालीची दोन मिनिटं जातात आणि त्या दोन मिनिटांत बर्फ वितळतो, लिलावाचा भाव उतरतो. धारावीत माणसांचे घोळके नेऊन गल्ल्या दाखवण्याचा धंदाही आता रुळला आहे. त्यातले काही लोक जबाबदारीने वागतात, तरी दारात बसून भांडी घासणाऱ्या बाईला कुणी विचारलेलं नसतं.

आमच्याकडे रापण ओढली जाते तेव्हा हा फरक उघड्यावर दिसतो. किनाऱ्यावर दोन बाजूंना दोर, चाळीस-पन्नास माणसं तो ओढत असतात. पर्यटक धावत येतात. काही जण दोरावर उभे राहून फोटो काढतात, काही जण जाळ्यातल्या धडपडणाऱ्या मासळीत पाय घालतात. आणि काही जण एक शब्द न बोलता शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन दोर धरतात. दोराला हात लावणाऱ्याला थोडी मासळी द्यायची ही इथली रीत आहे. त्याचं गाव कोणतं हे तेव्हा कुणी विचारत नाही. अशा माणसाला रापणीबद्दल जे कळतं, म्हणजे दोर ओला झाल्यावर किती जड होतो, जाळं रिकामं निघालं की माणसं कशी गप्प होतात, ते फोटोतून कळत नाही. शहरात प्रत्येक ठिकाणी हात लावायला दोर मिळेलच असं नाही. पण रांगेत उभं राहता येतं, पाव किलो कोळंबी विकत घेता येते, मसाल्याच्या गल्लीत खुर्चीवर बसता येतं, लोकलमध्ये आत सरकून दुसऱ्याला जागा देता येते. वस्तीच्या वेळापत्रकात आपली छोटीशी जागा घेतली की पाहण्याचा थोडा हक्क मिळतो. जिथे तशी जागा नसेल तिथून पुढे निघून जावं. सगळं उघडं करून दाखवणं हे कुठल्याच वस्तीचं कर्तव्य नाही, देवबागचंही नाही.

पैसा हाही यातलाच भाग. प्रवाशाचा रुपया कुणाकडे जातो ते तो किती वाजता खर्च होतो त्यावर बरंच ठरतं. सकाळच्या बाजारात तो कोळणीच्या हातात पडतो, दुपारी घरगुती खाणावळीत वाढणाऱ्या बाईच्या. रात्री उशिरा बहुतेक मोठ्या उपाहारगृहांच्या गल्ल्यात. देवबागला जलक्रीडा आणि स्कूबाचा पैसा आला, त्याने अनेक घरं सावरली, मुलं मुंबईला न जाता गावात राहिली. हे मी कृतज्ञतेने सांगते. त्याचबरोबर किनाऱ्यावर रापण ओढायला मोकळी वाळू कमी होत गेली हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावर बसवायच्या तर वेळ वाटून घेण्यावाचून इलाज नाही: रापणीच्या वेळी होड्या बाजूला, नंतर त्यांची पाळी. जी युक्ती आमच्या माणसांनी लालबागच्या खोलीत शोधली ती इथे आम्हाला पुन्हा शिकायची आहे.

प्रवाशाला मात्र मी जुन्या पाळ्यांच्या शोधात पाठवणार नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या आठवणींवर हळहळत हिंडणं हेही एक प्रकारचं पर्यटनच. मुंबईत आज नवी पाळी उभी राहते आहे. दुचाकीवर पाठीला चौकोनी पिशवी लावून घरोघरी जेवण पोचवणारे तरुण हजारोंनी आहेत. शहर जेवतं तेव्हा ते काम करतात. म्हणून दुपारी चारला आणि रात्री बारानंतर त्यांची जेवणाची वेळ होते. दुसऱ्यांचं गरम जेवण पोचवून ते स्वतः काय खातात, कुठे बसतात, त्यांच्या गावाकडची कुणी चुलीपाशी आहे का? परळला, पवईला, अंधेरीला दुपारी चार वाजता मोठ्या उपाहारगृहांच्या मागच्या गल्लीत जावं. गाड्यांची रांग लागलेली असते. एखादी बाई स्टीलच्या डब्यांतून भाजी-पोळी वाढते, कुणी पोह्यांचं पातेलं घेऊन बसतो, कुणी फोन चार्ज करायला दोन रुपये घेतो. तिथे पाटी नाही, नाव नाही, कुठल्या यादीत नोंद नाही. ती बाई किती वाजता उठते, तिचं किराणा सामान कुणाच्या उधारीवर येतं, आणि पाऊस पडून ऑर्डर वाढल्या की तिचा धंदा वाढतो की बुडतो, हे मुंबई पाहायला गेलेल्या माणसाने तिच्याकडची प्लेट हातात घेऊन, पैसे देऊन, तिला वेळ असेल तर विचारावं.